युनियनचं गुरुवारचं टेबल : वर्षभराचा अनुभव, ५ पैकी साडेतीन स्टार

हॉटेलचे, मोबाइलचे, कुलरचे रिव्ह्यू सगळेच टाकतात, युनियनच्या टेबलाचा रिव्ह्यू कोणी टाकलेला मी तरी पाहिला नाही, म्हणून म्हटलं आपणच टाकू. आधीच सांगतो, युनियनचं नाव लिहिणार नाही. नाव लिहिलं की कंपनी कळेल, कंपनी कळली की खातं कळेल अन खातं कळलं की मी कळेन. जळगाव एमआयडीसी काय फार मोठी नाही भो, इथं सेकंड शिफ्टला कोणी शिंकलं तं फर्स्ट शिफ्टवाले रुमाल घेऊन येतात. ज्याला ओळखायचं तो ओळखून घेईल.

तर विषय असा की आमच्या युनियनने मागच्या वर्षी एक टेबल सुरू केलं. दर गुरुवारी संध्याकाळी ६ ते ८, युनियनच्याच हापिसात. समलिंगी, ट्रान्स, जे काय एलजीबीटीक्यू मेंबर असतील त्यांच्यासाठी अन त्यांच्या घरच्यांसाठीपण. फी नाही, वर्गणीची पावती दाखवली की झालं, कॉन्ट्रॅक्टवाल्यांकडे पावती नसते तं त्यांना तशीच बसू देतात. टेबलावर दोन माणसं. एक वकील ताई, कामगार कोर्टाची कामं करणाऱ्या. दुसरे आमचे जिभाऊ, वय ७०च्या पुढं, अमळनेरच्या मिलमध्ये उमर गेलेली. मिल बंद पडली पण यांची युनियन काही सुटली नाही.

नोटीस लागली तेव्हा दुसऱ्याच दिवशी कोणीतरी तिच्यावर पेनाने 'बायल्या' लिहिलं. जिभाऊने ती काढली अन तशीच नवी कोरी लावली. परत लिहिलं, परत नवी. आठवडाभर हेच चाललं, मग लिहिणाराच कंटाळला. मला वाटतं अर्धा स्टार तं मी तिथंच देऊन टाकला होता.

तरी मी जायला दोन महिने लावले. दोनदा गेलो, खाली चहाच्या टपरीवरून परत आलो. तिसऱ्यांदा वर चढलो तं हापिसातला क्लार्क मान वर न करता म्हणे, "पीएफ का ग्रॅच्युइटी?" माझ्या तोंडून निघून गेलं "पीएफ". खोटं नव्हतंच ते, मी त्याच्याचसाठी आलो होतो.

माझं सांगतो थोडक्यात. वय ४१, लग्न केलेलं नाही. माझा जोडीदार भुसावळला वायरिंगची कामं करतो, नऊ वर्ष झाली आम्हाला. घरी तो 'मित्र'. आई त्याच्या हातची वरण-बट्टी आवडीने खाते, त्याला माझा पोऱ्या म्हणते, पुढचं विचारत नाही अन आम्ही सांगत नाही, असं चाललंय बरंय. मागच्या पावसाळ्यात आमच्या मशीनवर एकाचा हात अडकला. वाचला तो, पण मला रात्रभर झोप नाही. उद्या मी अडकलो तं दवाखान्यात याला आत कोण सोडेल, अन मी गेलोच तं याच्या हातात काय पडेल. एवढाच प्रश्न घेऊन मी गेलो होतो.

मला वाटलं ताई आता गोड गोड बोलतील, तुम्ही जसे आहात तसे छान आहात वगैरे. त्यांनी वही उघडली अन विचारलं, वडील आहेत का? आई तुमच्यावर अवलंबून आहे का? मी म्हटलं वडील नाहीत, आई माझ्याकडेच. त्या म्हणे मग पीएफला नॉमिनी आईच राहील, मित्राचं नाव टाकलं तं ते टिकणार नाही. मला रागच आला आधी. मग त्यांनी समजावलं की पीएफच्या नियमात कुटुंब म्हणजे कोण हे लिहून ठेवलेलं आहे, माझ्यासारख्या पुरुष मेंबरसाठी बायको, मुलं, अवलंबून असलेले आईवडील असं, अन कुटुंबातलं कोणी असताना बाहेरच्याला नॉमिनी केलं तं ते बाद. ग्रॅच्युइटीचंपण तसंच. ईएसआयच्या, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याच्या, कार्डावर जोडीदार बसतच नाही. १७ ऑक्टोबर २०२३ला सुप्रीम कोर्टाने समलिंगी लग्नाला मान्यता द्यायला नकार दिला, त्यामुळं बायको-नवरा या रकान्यातून आत शिरायचा रस्ता सध्या बंद. हे त्यांनी तोंडावर सांगितलं, उगाच आशा लावली नाही, हे मला आवडलं.

पण मग उरतं काय? उरतं ते बँक. २८ ऑगस्ट २०२४ला केंद्राच्या अर्थखात्याने स्पष्ट केलंय की एलजीबीटीक्यू माणसांना जॉइंट खातं काढायला किंवा जोडीदाराला खात्यावर नॉमिनी करायला काही बंदी नाही. ताईंनी त्याची झेरॉक्सच हातात दिली, म्हणे काउंटरवरच्या माणसाला हे माहीत नसतं. नव्हतंच. तो साहेब कागद उलटासुलटा करून म्हणे नातं काय लिहू? मी म्हटलं मित्र लिहा. त्याने लिहिलं. नऊ वर्षात पहिल्यांदा आमच्या दोघांची नावं एका पासबुकावर आली. भुसावळला जाताना मी ते पासबुक मेमूत तीनदा उघडून पाहिलं, शेजारचा माणूस म्हणत असेल याचे पैसे गेले का काय. रेशन कार्डाचंपण त्याच वर्षी निघालंय, एका घरात राहणाऱ्या जोडीदारांना एक कुटुंब धरा म्हणून, पण आम्ही एका घरात राहत नाही त्यामुळं ते आमच्या कामाचं नाही.

अन नॉमिनी म्हणजे मालक नाही, तो फक्त पैसे हातात घेणारा, नंतर वारसदार येऊन भांडू शकतात, म्हणून ताईंनी मृत्युपत्र करायला लावलं. त्याला स्टॅम्प पेपरच पाहिजे असं काही नाही, साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदारांनी सही केलेली पाहिजे. साक्षीदार कोण आणणार मी? जिभाऊच उठले, डोळ्यावर चष्मा चढवला अन म्हणे, "माले ह्या गोष्टी काई समजत नई, पन सही कोठे करानी ते सांग." दुसरी सही त्या क्लार्कने केली, मान वर न करता.

या कामाला माझ्याकडून ५ पैकी ५.

आता दुसरी केस, माझी नाही, पण जिची आहे तिने लिही म्हणून सांगितलंय. चटईच्या एका युनिटात कॉन्ट्रॅक्टवर एक ट्रान्स बाई कामाला होती. कागदावर जुनं पोराचं नाव, समोर उभी ही. नवीन सुपरवायझर आला, त्याने गेटवरच अडवलं, कार्ड मॅच होत नाही म्हणे. ठेकेदार म्हणे मला लफडं नको. टेबलाने दोन कामं केली. एक, ओळखीच्या प्रमाणपत्रासाठी कलेक्टर ऑफिसला अर्ज. दोन, कंपनीला पत्र, की तृतीयपंथी व्यक्तींचा २०१९चा कायदा १० जानेवारी २०२०पासून लागू आहे, त्यात नोकरीत भेदभाव करता येत नाही अन प्रत्येक आस्थापनेने तक्रार ऐकायला एक अधिकारी नेमायला पाहिजे, तं तुमचा अधिकारी कोण ते कळवा. कंपनीकडे असा कोणी नव्हताच, म्हणून कंपनी नरमली. वकिली काय असते ते मला तिथं कळलं, आरडाओरडा न करता एकच प्रश्न असा विचारायचा की उत्तर द्यायला समोरच्याकडे माणूसच नाही.

चार महिने लागले. बाई परत कामाला लागली, पण पॅकिंगला अन कायम नाइट. युनियनने हे 'यश' म्हणून बोर्डावर लावलं. मी तिला विचारलं तं ती म्हणे रात्रीची बरी, बघणारे कमी असतात. आता हे यश मानायचं का? मी अर्धं मानतो. चार महिन्यांचा पगार तं बुडालाच, त्याचं कोणी नाव काढलं नाही. ती मात्र खमकी आहे. म्हणते माझ्यापेक्षा भादलीवाल्या अंजलीताईंना जास्त झगडावं लागलं. खरंय ते. आपल्या जळगाव तालुक्यातल्या भादली बुद्रुकच्या अंजली पाटील, महिला राखीव जागेवर फॉर्म भरला तं तो बाद केला, त्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या, कोर्टाने बाई म्हणून लढायची परवानगी दिली अन जानेवारी २०२१ला ग्रामपंचायतीत निवडूनपण आल्या. मत लोकांनी दिलं, म्हणजे लोक एवढे काही वाईट नसतात, गेटवरच्या रजिस्टरचीच भानगड जास्त असते.

आता शिव्या. युनियनच्या एका उत्साही पदाधिकाऱ्याने, माणूस चांगला आहे, मनात काही नाही, एक दिवस न विचारता व्हॉट्सॲप ग्रुप बनवला. ग्रुपचं नाव 'इंद्रधनुष्य मेंबर', डीपीला सात रंगाची पट्टी. टेबलावर येऊन गेलेल्या सगळ्यांचे नंबर त्याने वहीतून उचलून त्यात टाकले. १४ जण. मी सेकंड शिफ्टला जेवायला बसलेलो, डबा उघडा, मोबाइल टिंग झाला अन पाहतो तं काय, १४ नंबर अन त्यातले दोन माझ्याकडे सेव्ह. एक आमच्याच लाइनचा फोरमन! तो माझ्याकडं पाहतोय, मी त्याच्याकडं, दोघांच्या हातात अर्धी भाकर. आज हसू येतं पण त्या वेळी माझे हातपाय गार पडले होते. त्यातल्या एका पोराचा मोबाइल घरी बहीण वापरते, त्याच्या घरी जे व्हायचं ते झालं, ते मी इथं लिहीत नाही. ग्रुप वीस मिनिटात डिलीट झाला, पदाधिकारी प्रत्येकाच्या पाया पडायला तयार होता, ताई त्याच्यावर अशा कडाडल्या की खालच्या टपरीपर्यंत आवाज. पण नंबर दिसायचे ते दिसून गेले. माझा एक पूर्ण स्टार याच्यात गेला अन तो परत मिळणार नाही. आता वहीत नाव लिहीत नाहीत, नुसता टोकन नंबर लिहितात, हे आधी का नाही सुचलं?

फोरमनने नंतर मला काही बोललेलं नाही. फक्त माझी रजा आता लवकर मंजूर होते.

मग मीटिंगचा प्रश्न आला, भेटायचं कुठं. हापिसात सगळे बघतात, हॉटेलात बघतात, बागेत तं पोलीसपण बघतात. डोकं जिभाऊने लावलं. डिसेंबरात खान्देशात दहा-बारा माणसं भरिताची वांगी अन काड्या घेऊन शेतात चालली तं कोणी विचारत नाही कुठं चालले, भरीत पार्टीच असणार. आसोद्याकडे जिभाऊच्या नातेवाइकाचं शेत आहे, तिथं जमलो. तुरीच्या काड्यांवर वांगी भाजली, कळण्याच्या भाकरी, कांद्याची पात, तेल सुटलेलं भरीत, मिरचीचा ठसका. बारा जण होतो, त्यात दोघं नंदुरबारहून आलेले, एक धुळ्याचा, अन चोपड्याकडचे एक हमाल बाबा, ज्यांच्या पोराचं 'तसं' निघालं म्हणून ते डॉक्टर विचारायला आले होते. ताईंनी त्यांना सांगितलं, बाबा, असं 'बरं' करून देतो म्हणणारा डॉक्टर स्वतःच अडचणीत येईल, मेडिकल कमिशनने २०२२ला त्याला गैरवर्तन ठरवलंय. बाबा काही बोलले नाहीत. नंतर मी पाहिलं तं ते त्या नंदुरबारच्या पोरांना भाकरीवर भाकरी वाढून राहिले होते.

शेकोटीला ताईंनी गोष्टी सांगितल्या. १९७३ साली सिडनीत एका कॉलेजच्या होस्टेलातून पोराला समलिंगी आहे म्हणून काढलं, तं त्या युनिव्हर्सिटीत बांधकाम करणाऱ्या बिल्डर्स लेबरर्स फेडरेशनच्या कामगारांनी काम बंद केलं. विटा-सिमेंटवाले कामगार, एका पोरासाठी! अन दुसरी, ब्रिटनमधल्या १९८४-८५च्या खाण संपाची. लंडनच्या गे-लेस्बियन पोरापोरींनी आधी डबे फिरवून वेल्सच्या खाणकामगारांसाठी पैसे गोळा केले, त्यांना खाण म्हणजे काय माहीत नव्हतं. संप हरला. पण १९८५ला लंडनच्या प्राइड मोर्चात, म्हणजे एलजीबीटीक्यू लोकांच्या मोर्चात, सगळ्यात पुढं खाणकामगार आपले बॅनर घेऊन चालले, अन त्याच वर्षी लेबर पार्टीच्या परिषदेत समलिंगी हक्कांचा ठराव पास झाला, तेव्हा खाणकामगारांच्या युनियनची मतं त्याच बाजूला पडली.

मला यातलं एकच डोक्यात बसलं, त्यांनी आधी डबा फिरवला. म्हणून ९ जुलै २०२५च्या देशव्यापी संपात आमच्यातले पाच-सहा जण पहाटेपासून गेटवर उभे होते, ते मी आता अभिमानाने सांगू शकतो. त्या दिवशी आम्हाला चहा देणारे बरेच जण आम्ही कोण ते जाणून होते. कोणी काही बोललं नाही, एकाने तं माझ्या कपात दोनदा ओतला.

जिभाऊचं म्हणणं वेगळंच. त्यांचं सगळं साने गुरुजींपाशी येऊन थांबतं. गुरुजी अमळनेरला मास्तर होते, अन १९४७ला त्यांनी पंढरपूरचं देऊळ हरिजनांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं. जिभाऊ म्हणतात त्यांनी विठोबाचं दार उघडायला लावलं, आपल्याला हापिसाचं उघडायचंय, ते बी गुरुवारीच. हे वाक्य ते दर मीटिंगला म्हणतात, आता आम्हाला पाठ आहे, ते सुरू झाले की आम्हीच पूर्ण करतो.

आता माझी सगळ्यात मोठी तक्रार, व्हॉट्सॲपपेक्षा मोठी. यंदाच्या मागणीपत्रात आम्ही भांडून एक कलम घालायला लावलं होतं, की लैंगिक कल किंवा लिंगभाव यावरून कोणाशी भेदभाव, चिडवणं, बदली होणार नाही. आता कोणी म्हणेल कायदा आहे ना. कुठं आहे? कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाचा २०१३चा पॉश कायदा बायांसाठी आहे, २०१९चा ट्रान्स लोकांसाठी, अन ६ सप्टेंबर २०१८ला समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७मधून आमची सुटका झाली म्हणजे आम्ही गुन्हेगार नाही एवढंच, पण खासगी कारखान्यात माझ्यासारख्या पुरुष कामगाराला कोणी रोज बायल्या म्हटलं तं मी कोणत्या कमिटीकडं जाऊ? म्हणून करारात कलम पाहिजे होतं. वाटाघाटी सुरू झाल्या, मॅनेजमेंटने म्हटलं हे काय आहे, हे काढा मग पगारवाढीचं बोलू, अन आमच्या लोकांनी ते पहिल्याच बैठकीत सोडलं. पहिल्याच! कॅन्टीनचा मुद्दा पाच बैठका ताणला. मी अध्यक्षांना विचारलं तं म्हणे, "भाऊ, ८०० लोकांच्या पगाराचा प्रश्न आहे." मला त्यांचं पटतंही अन पटत नाहीही. मलापण पगार वाढून पाहिजे, माझ्या आईच्या गोळ्या त्याच पगारातून येतात. पण मग नोटीस बोर्डावर सात रंगाचा बॅनर कशाला, जूनमध्ये बाहेरून माणूस आणून प्रोजेक्टरवर दोन तासांचं शिबिर कशाला? त्या शिबिरात अर्धे झोपले होते, बाकीचे नाश्त्याला आले होते. कचोरी बरी होती.

अन संडासाचा विषय राहिलाच. २१ नोव्हेंबर २०२५पासून केंद्राचे चार लेबर कोड, म्हणजे नवे कामगार कायदे, लागू झाले, त्यांच्या विरोधात आमच्या युनियनने गेटवर प्रती जाळल्या, मीपण एक कागद टाकला आगीत. नंतर ताई हसत म्हणे, जो जाळला त्या सुरक्षा-आरोग्याच्या कोडमध्ये पुरुष, स्त्री अन ट्रान्सजेंडर कामगारांसाठी वेगळी सोय असं लिहिलंय बरं का. म्हणजे संप करणं सोपं ठेवणारे जुने कायदे गेले ते गेले, पण त्याच कागदात आमच्या त्या चटईवाल्या बाईचा संडास आहे. आता ते कलम पुढं करून पत्र टाकायचं तं अध्यक्षांना अडचण, कोडला विरोध अन कोडचाच आधार कसा घ्यायचा. बाई तोपर्यंत शिफ्टभर पाणी पीत नाही. तत्त्वाचं नंतर बघू, आधी पत्र टाका, असं मी लिहून दिलंय, उत्तर नाही. नुसती नोकरी दिली की झालं असं नसतं, कोची मेट्रोचं उदाहरण आहेच, २०१७ला २३ ट्रान्स लोकांना कामावर घेतलं, सगळीकडे वाहवा झाली, अन काहींनी पहिल्याच आठवड्यात काम सोडलं कारण शहरात त्यांना खोलीच कोणी भाड्याने देईना.

तर साडेतीन. फॉर्म, पत्र, सही, बँक, मृत्युपत्र असलं काही असेल तं डोळे मिटून जा, एवढी चांगली सर्व्हिस जळगावात पैसे देऊनपण मिळणार नाही. मन मोकळं करायला जायचं असेल तं आधी ताईंना फोन करून वेगळी वेळ मागा, कारण टेबल उघड्या हॉलमध्ये आहे अन शेजारच्या टेबलावर ओव्हरटाइमवाले बसलेले असतात, त्यांचे कान लांब. पडदा लावतो म्हणून सांगितलंय, दिवाळीपासून सांगून राहिले.

आधार, पासबुक, पीएफचा नंबर, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स घरूनच काढून न्या, खालचा झेरॉक्सवाला साडेसातला शटर ओढतो अन तो फार चौकश्या करतो. मे महिन्यात गेलात तं पाण्याची बाटली ठेवा, हापिसात एकच पंखा आहे अन तो जिभाऊच्या डोक्यावर आहे.